टॉन्सिलच्या त्या स्लाइडबद्दल

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तुझा टॉन्सिलचा रिपोर्ट आणि स्लाइडचे फोटो काल रात्री निवांत पाहिले. निदान बरोबर आहे, स्क्वॅमस सेल कार्सिनोमाच (अस्तराच्या पेशींचा कॅन्सर) आहे. पण त्यापुढचे 'पुअरली डिफरन्शिएटेड', म्हणजे पेशी मूळ रूपापासून फार बिघडलेल्या, हे शब्द आधी खोड. पेशी निळ्याशार, दाटीवाटीने बसलेल्या, केराटिनचा (त्वचेतल्या कडक प्रथिनाचा) मागमूस नाही, म्हणून ते लिहावंसं वाटलं असणार. मात्र टॉन्सिलच्या खाचांचं अस्तर मुळातच तसं असतं: जाळीदार, केराटिन नसलेलं, लिम्फ पेशींनी भरलेलं. गाठ आपल्या माहेरासारखीच दिसते आहे. एचपीव्ही म्हणजे ह्यूमन पॅपिलोमा विषाणूमुळे झालेल्या घशातल्या कॅन्सरला ग्रेड (पेशी किती बिघडल्या याची श्रेणी) देऊ नये असं सांगतात ते यासाठीच. त्या शब्दांनी रुग्ण उगाच घाबरतो.

नाव एक असलं तरी आजार दोन आहेत, एक तंबाखूचा आणि एक विषाणूचा, हे मनात पक्कं बसव. तंबाखू जनुकांवर घाव घालते, पेशीची बेफाम वाढ रोखणाऱ्या पी५३ जनुकाची अक्षरंच बदलून टाकते. विषाणूची रीत निराळी. त्याचं ई६ प्रथिन पी५३ला नष्ट व्हायला लावतं आणि ई७ प्रथिन आरबी या तशाच दुसऱ्या रक्षकाला निकामी करतं. जनुकं मात्र बहुतेक वेळा शाबूत राहतात. सुमारे आठ हजार अक्षरांचा एवढासा डीएनए, पण पेशीचे दोन्ही पहारेकरी बाजूला करतो. तरीही बहुतेकांच्या शरीरातून हा संसर्ग एक-दोन वर्षांत आपोआप जातो. जिथे तो ठाण मांडून बसतो, तिथेच वर्षानुवर्षांनी कॅन्सर होतो.

हे आज सोपं वाटतं. एके काळी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी सगळ्यांचा संशय हर्पिसच्या विषाणूवर होता. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन मात्र पॅपिलोमाचा माग सोडेनात. त्यांच्या गटाने १९८३मध्ये एचपीव्ही १६ आणि पुढच्या वर्षी १८ शोधून काढला. गर्भाशयमुखाच्या सुमारे ७० टक्के कॅन्सरमागे हेच दोन प्रकार आहेत. नोबेल मिळायला २००८ उजाडलं, आणि त्याआधीच, २००६मध्ये, लस वापरात आली होती. घशात तर १६ नंबरचंच राज्य आहे.

आता पी१६बद्दल, कारण तिथे तुझी गफलत होईल अशी मला भीती वाटते. पी१६ म्हणजे विषाणू नव्हे, ते पेशीचंच, वाढीला ब्रेक लावणारं प्रथिन आहे. ब्रेकची तार तुटली की गाडी थांबेना म्हणून आपण पेडल आणखी जोरात दाबतो ना? ई७ ती तार, म्हणजे आरबी, तोडतं, आणि पी१६ म्हणजे पेडलवर दाबलेला पाय. म्हणून घशात तो विषाणूची खूण म्हणून चालतो, पण ७० टक्के किंवा त्याहून जास्त पेशींत, केंद्रक आणि पेशीद्रव दोन्हींत, ठळक रंग दिसला तरच. इथेतिथे ठिपके दिसले म्हणून पॉझिटिव्ह लिहू नकोस. तोंडातल्या, म्हणजे गालाच्या किंवा जिभेच्या पुढच्या भागातल्या गाठींत तर त्यावर विसंबूच नकोस. तिथे पी१६ विषाणूशिवायही वाढलेला सापडतो.

माझी एक चूक सांगते. रिपोर्टवर सही करायला नुकतीच लागले होते. चाळिशी ओलांडलेला, तंबाखूला कधी न शिवलेला रुग्ण आणि मानेतली द्रव भरलेली गाठ. जन्मजात सिस्ट म्हणून मी मोकळी झाले. काही महिन्यांनी तोच माणूस जिभेच्या मुळाशी गाठ घेऊन परत आला. जुनी स्लाइड काढून पाहिली तर अस्तरात त्याच दाट निळ्या पेशी माझ्याकडे बघत होत्या. मोठ्या माणसाच्या मानेतली सिस्ट ही दुसरं काही सिद्ध होईपर्यंत कॅन्सरची गाठच समज. मी तो दिवस विसरलेले नाही.

एचपीव्ही पॉझिटिव्ह घशाच्या कॅन्सरचे रुग्ण जास्त जगतात, म्हणून २०१७च्या टीएनएममध्ये, म्हणजे कॅन्सर किती पसरला ते ठरवण्याच्या पद्धतीत, त्यांचं स्टेजिंगही वेगळं केलं. पण 'चांगला कॅन्सर' हा शब्द तोंडातून जाऊ देऊ नकोस. उपचार हलके करायच्या उत्साहात सिस्प्लॅटिन या नेहमीच्या औषधाऐवजी सेटुक्सिमॅब हे औषध देऊन पाहिलं गेलं, आणि रुग्ण कमी जगले. शिवाय रुग्ण धूम्रपान करणारा असेल तर फायदा घटतो.

आणि हा विषाणू लैंगिक संबंधांतून पसरतो, म्हणून रुग्णाची पत्नी विचारेल, हे कुठून आलं? तिला सांग की संसर्ग कधीचा आहे आणि कोणाकडून आला हे कोणतीही तपासणी सांगू शकत नाही. तो दोघांची ओळख होण्याआधीचाही असू शकतो. हे वाक्य उभ्या उभ्या घाईत उरकू नकोस, बसून सांग. संशयाने मोडलेले संसार मी पाहिले आहेत.

तो ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) उद्याच काढ, पी१६ची तपासणी लाव, सुधारलेला रिपोर्ट मला दाखव. स्लाइड घेऊन आलीस तर सोबत बसून पाहू.

तुझी,
बाई