दोन मॉनिटर आणि एक फोटो: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

तुळशीचं लग्न लागलं की फोटोग्राफरांची लग्नसराई सुरू होते, आणि माझ्याकडे तीच तक्रार पुन्हा यायला लागते: दोन मॉनिटर घेतले, दोन्हींवर फोटो वेगळा दिसतो, यातला खरा कोणता? थोडक्यात उत्तर असं, की दोन्ही मॉनिटर एकाच प्रमाणाला आणून बसवायचे आणि रंगाचा निर्णय मात्र त्यातल्या एकाच मॉनिटरवर घ्यायचा. एवढं वाचून पुढे जाता आलं असतं तर बरं झालं असतं, पण ऐकीव सल्ल्यांनी इतका गोंधळ करून ठेवलाय की एकेक प्रश्न घ्यावाच लागतो.

प्रश्न: एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे दोन मॉनिटर एकाच दिवशी घेतले. डावा पिवळट दिसतो, उजवा निळसर. एक पीस डिफेक्टिव्ह आहे का?

बहुधा नाही. पॅनेलमागच्या एलईडींचा पांढरा लॉटनुसार थोडा बदलतो, आणि मॉडेलचं नाव तेच ठेवून आतलं पॅनेल बदलण्याचे प्रकारही होतात. आधी दोन्ही मॉनिटर मेनूतून फॅक्टरी रिसेट करा. पिक्चर मोड दोन्हींवर सारखा ठेवा. वीज वाचवणारा मोड, डायनॅमिक काँट्रास्ट, खोलीतल्या उजेडानुसार आपोआप बदलणारा ब्राइटनेस, हे सगळं बंद करा. अर्धा तास चालू ठेवा आणि मग बघा. एकाच मॉनिटरवर एक कोपरा पिवळा आणि मध्य निळसर दिसत असेल, तर तो पॅनेलचा दोष आहे. कोणत्याही सेटिंगने जाणार नाही. बदलून मिळण्याची मुदत संपायच्या आत सर्व्हिस सेंटरला दाखवा.

प्रश्न: एडिटिंग करताना विंडोजचा नाइट लाइट चालू ठेवला तर चालेल का? डोळ्यांना बरं वाटतं.

नाही. नाइट लाइट स्क्रीन मुद्दाम पिवळट करतो. आणि डोळे दुखत असतील तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

प्रश्न: लॅपटॉपला मॉनिटर जोडलाय. नवरीचा लाल शालू मॉनिटरवर भडक दिसतो, लॅपटॉपवर विटकरी. मॉनिटरचं सॅच्युरेशन कमी करून दोन्ही सारखे करू का?

करू नका. स्वस्त लॅपटॉपच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरात '४५ टक्के एनटीएससी' (टीव्हीच्या जुन्या प्रमाण रंगांपैकी ४५ टक्के) असं लिहिलेलं असतं. असं पॅनेल एसआरजीबीएवढेही, म्हणजे कॉम्प्युटरच्या नेहमीच्या प्रमाण रंगांएवढेही, रंग दाखवू शकत नाही. शालूचा तो लाल त्याच्याकडे नाहीच, त्यामुळे कॅलिब्रेशन करूनही, म्हणजे मोजून नीट बसवूनही, तो येणार नाही. चांगला मॉनिटर मुद्दाम वाईट करून जुळवण्यात काय मिळालं? लॅपटॉपवर फोल्डर, पॅलेट, व्हॉट्सॲप ठेवा आणि रंग मॉनिटरवरच ठरवा.

एक शक्यता मात्र तपासा. तुमचा मॉनिटर वाइड गॅमटचा, म्हणजे एसआरजीबीपेक्षा जास्त रंग दाखवणारा, असेल आणि तुम्ही फोटो एखाद्या साध्या व्ह्यूअरमध्ये उघडला असेल, तर मॉनिटरवर तो खरोखरच जास्त भडक दिसेल. असे प्रोग्राम प्रोफाइल, म्हणजे मॉनिटरच्या रंगांची नोंद, वाचत नाहीत आणि एसआरजीबीचे आकडे तसेच मॉनिटरकडे पाठवतात. तोच फोटो फोटोशॉपमध्ये उघडा. तिथे योग्य दिसला तर दोष व्ह्यूअरचा.

प्रश्न: माझ्या मित्राचा मॉनिटर माझ्याच मॉडेलचा आहे. त्याने मशीन लावून कॅलिब्रेट केलाय. त्याची आयसीसी फाइल मी माझ्या दोन्ही मॉनिटरला लावली, तर फरक आणखी वाढला. फाइल करप्ट झाली असेल का?

फाइल धडधाकट आहे, पण ती तुमच्या मॉनिटरची नाही. हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो आणि सगळ्यांत जास्त अल्बम यामुळेच बिघडतात, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

यात दोन वेगळी कामं आहेत आणि लोक ती एकच समजतात. कॅलिब्रेशन म्हणजे मॉनिटर ठरलेल्या जागी आणून बसवणं: पांढरा डी६५ (दिवसाच्या उजेडाचा प्रमाण पांढरा), म्हणजे साधारण ६५०० केल्विन, गॅमा (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांची चढण) २.२, ब्राइटनेस १०० ते १२० निट्स (निट हे स्क्रीनच्या उजेडाचं माप). प्रोफाइल म्हणजे एवढं करूनही हा मॉनिटर कुठे, किती चुकतो याची नोंद. ती नोंद आयसीसी फाइलमध्ये असते. तिचा नमुना १९९३ मध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल कलर कन्सोर्शियमने ठरवला. फोटोशॉप ही नोंद वाचतं आणि त्या चुकीच्या उलट दुरुस्ती करून आकडे पाठवतं. आता समजा, मित्राच्या मॉनिटरचा हिरवा थोडा कमी पडतो. त्याची फाइल लावली की फोटोशॉप हिरवा वाढवून पाठवणार. तुमचा पीस मुळातच हिरवट असेल तर त्यावर आणखी हिरवा चढला. तो तुम्हाला नवरीच्या गालावर आणि कपाळावर दिसतो, तुम्ही मॅजेंटा, म्हणजे हिरव्याच्या विरुद्धचा गुलाबी-जांभळा, वाढवता, स्क्रीनवर सगळं छान होतं आणि अल्बममध्ये सगळ्या वऱ्हाडाचे चेहरे गुलाबी छापून येतात. लॅबवाल्याशी भांडण होतं, त्याची काही चूक नसताना.

प्रोफाइल त्या एकाच मॉनिटरचं असतं, आणि तेही ज्या ब्राइटनेसला, ज्या मोडमध्ये मोजलं त्यापुरतंच. मित्राने उद्या मॉनिटरचं बटण दाबून ब्राइटनेस बदलला तर ती फाइल त्याच्याही कामाची राहत नाही. दुसऱ्याच्या मापाचा ब्लाउज अंगाला बसत नाही, हे लग्नघरात कोणाला सांगावं लागत नाही. इथे मात्र पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. व्हिडिओखाली लिंक देऊन 'परफेक्ट कलर प्रोफाइल' वाटणाऱ्यांचंही ऐकू नका. त्यांनी तुमचा मॉनिटर पाहिलेला नाही.

करायचं काय, तर मोजायचं. कॅलिब्राइटचं किंवा डेटाकलर स्पायडरचं, स्क्रीनवर टेकवून रंग मोजणारं यंत्र घ्या. चौघा-पाच जणांत मिळून एक घेतलं तरी चालतं. सॉफ्टवेअर यंत्राबरोबर येतं. डिस्प्लेकॅल हे मोफतही आहे. पडदे ओढा, ट्यूबलाइटचा उजेड मॉनिटरवर पडू देऊ नका. मॉनिटर जरा मागे कलवला की यंत्र काचेवर सपाट टेकतं, कडेने उजेड शिरत नाही. सॉफ्टवेअर लाल, हिरव्या, निळ्याच्या तीन पट्ट्या दाखवतं. मॉनिटरच्या मेनूतून त्या तीन रंगांचे आकडे थोडे थोडे हलवत पट्ट्या एका रेषेत आणायच्या, मग मॉनिटरच्याच बटणाने ब्राइटनेस ठरल्या आकड्याला आणायचा. पुढे रंगाचे चौकोन एकामागून एक येतात, तेव्हा माउसला हात लावू नका. पहिल्या मॉनिटरचं झालं की दुसऱ्याचं वेगळं, आणि लक्ष्य तेच. लॅपटॉपच्या स्क्रीनला रंगांचा असा मेनू नसतो, तिथे ती दुरुस्ती सॉफ्टवेअर ग्राफिक्स कार्डातून करतं.

शेवटी विंडोजच्या कलर मॅनेजमेंटमध्ये जाऊन डिस्प्ले १ आणि डिस्प्ले २ ला आपापली फाइल लागली आहे का ते डोळ्यांनी बघा. मॉनिटर 'एक्स्टेंड'वर असावेत. 'डुप्लिकेट'वर दोन्हींकडे एकच सिग्नल जातो, मग दोघांची वेगवेगळी दुरुस्ती होणार कशी? यानंतर फोटोशॉप बंद करून पुन्हा उघडा.

हे जमणार नसेल तर कॅलिब्रेशन करून देणाऱ्याला बोलवा. पैसे देण्याआधी प्रत्येक मॉनिटरची वेगळी फाइल आणि मोजमापाचा रिपोर्ट मागा. डोळ्यांनी बघून 'झालं' म्हणणाऱ्याला परत पाठवा.

प्रश्न: दुकानदार म्हणतो, मॉनिटर १०० टक्के एसआरजीबी आणि फॅक्टरी कॅलिब्रेटेड आहे, यंत्राची गरज नाही.

त्याला मॉनिटर विकायचाय. १०० टक्के एसआरजीबी याचा अर्थ मॉनिटर तेवढे रंग दाखवू शकतो; ते बरोबर दाखवतो असा होत नाही. 'डेल्टा ई २ पेक्षा कमी' हा रंग किती चुकतो ते सांगणारा आकडा बहुधा एकाच मोडमधला सरासरीचा असतो. तुम्ही मोड बदललात की तो संपला. '१.०७ अब्ज रंग' हे तर केवळ १० बिटचं, म्हणजे लाल, हिरव्या, निळ्याच्या प्रत्येकी १०२४ पायऱ्यांचं, गणित आहे. खोक्यात मोजमापाचा कागद असेल तर त्यावरचा सीरियल नंबर मॉनिटरच्या मागच्या नंबराशी ताडून बघा. जुळला तर सुरुवात चांगली आहे एवढंच म्हणा. बॅकलाइट, म्हणजे पॅनेलमागचा उजेड, वापराने बदलत जातो, तेव्हा यंत्र लागणारच.

प्रश्न: एचडीएमआयवरच्या मॉनिटरवर काळा रंग राखाडी दिसतो.

ग्राफिक्स कार्ड मॉनिटरला टीव्ही समजून काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत ० ते २५५ ऐवजी १६ ते २३५ एवढीच रेंज पाठवत असेल. कार्डाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये आउटपुटची रेंज 'फुल' करा.

प्रश्न: फोटोशॉपच्या कलर सेटिंग्जमध्ये वर्किंग स्पेस म्हणून मॉनिटरचं प्रोफाइल निवडायचं ना?

नाही, कधीच नाही. वर्किंग स्पेस म्हणजे फोटो ज्या रंगांच्या मर्यादेत एडिट होतो ती; तिथे एसआरजीबी ठेवा. वेगळी काही गरज असेल तर आधी तुमच्या लॅबला विचारा.

प्रश्न: यंत्राने दोन्ही मॉनिटर मोजले, आकडे जुळले. तरी एक पांढरा हिरवट आणि दुसरा गुलाबी दिसतो. यंत्र खराब आहे का?

आधी सॉफ्टवेअरमध्ये मॉनिटरचा प्रकार तपासा: साधा एलईडी, वाइड गॅमट एलईडी की ओलेड. चुकीचा प्रकार निवडला की यंत्राचं मोजमापच चुकतं. तो बरोबर असूनही फरक उरला, तर मात्र यंत्राला दोष देऊ नका. राइट आणि गिल्ड या दोन संशोधकांनी १९२० च्या दशकात इंग्लंडमध्ये वेगवेगळ्या, एकूण १७ जणांच्या नजरेच्या चाचण्या घेतल्या. त्यांवरून १९३१ मध्ये 'प्रमाण डोळा' ठरला, आणि यंत्राचे आकडे आजही त्याच डोळ्याचे असतात. दोन मॉनिटरचा बॅकलाइट वेगळ्या जातीचा असेल तर प्रमाण डोळ्याला जे सारखं वाटतं ते तुमच्या डोळ्याला तसं वाटेलच असं नाही.

अशा वेळी मुख्य मॉनिटरला हात लावू नका. दुसऱ्यावर पूर्ण स्क्रीनभर पांढरा आणा, त्याच्या पांढऱ्याचं लक्ष्य किंचित हलवत नजरेला जुळेल तिथे आणा, आणि त्या नव्या पांढऱ्यावर त्याचं प्रोफाइल पुन्हा बनवा. नजरेने जुळवायची मुभा फक्त इथे, आणि तीही मोजून झाल्यावर. गोंधळ झाला तर जाणकाराला बसवून करून घ्या.

प्रश्न: दोन्ही मॉनिटर जुळले, पण अल्बम काळपट येतो.

ब्राइटनेस किती आहे? नवा मॉनिटर पूर्ण ब्राइटनेसला २५० ते ३५० निट्स देतो. तेवढ्या झगझगाटात फोटो उजळ भासतो, म्हणून तुम्ही एक्सपोजर खाली आणता. कागदाला स्वतःचा उजेड नाही. १०० निट्सवर या. मग लॅबकडून त्यांच्या कागदाचं प्रोफाइल, म्हणजे त्या कागदावर रंग कसे उतरतात याची नोंद, मिळतं का विचारा आणि पूर्ण अल्बम पाठवण्याआधी तीन-चार फोटोंच्या टेस्ट प्रिंट काढून चांगल्या पांढऱ्या उजेडात बघा.

प्रश्न: वडील ६८ वर्षांचे आहेत, स्टुडिओ त्यांनीच उभा केलाय. मी पांढरा ठरवला की त्यांना तो पिवळा वाटतो, दोन्ही मॉनिटरवर. रोज वाद होतो.

वाद घालू नका. वयानुसार डोळ्यातलं भिंग पिवळसर होत जातं आणि निळा प्रकाश आत कमी पोचतो. मोतीबिंदूची सुरुवात असेल तर आणखी कमी. त्यांना नेत्रतज्ज्ञांकडे न्या. तुम्हीही रंगदृष्टीची तपासणी करून घ्या, कारण चूक त्यांचीच असेल असं धरून चालता येत नाही. तोवर पांढरा यंत्राच्या आकड्याने ठरवा. चेहरा, उजेड, फोटोतला भाव याबाबतची त्यांची नजर कोणत्याही यंत्रात नाही. ती त्यांनाच विचारा.

प्रश्न: एका लग्नाचे निम्मे फोटो एडिट झालेत. आता मॉनिटर कॅलिब्रेट केले तर आधीचे फोटो वेगळे दिसतील. सीझन संपल्यावर केलं तर?

आजच करा. आधीचे फोटो वेगळे दिसतील ते ठीकच, कारण ते आधीपासूनच वेगळे होते. लाइटरूममध्ये हळदीचा एक, मंडपातला एक आणि रिसेप्शनचा एक फोटो पुन्हा नीट करा आणि त्याच उजेडातल्या बाकीच्या फोटोंना ती दुरुस्ती सिंक करा. त्या तिन्हींची प्रिंट लॅबकडून मागवा आणि ती हातात पडेपर्यंत अल्बमची फाइल पाठवू नका. पुढे महिन्यातून एकदा यंत्र लावत जा.