खाली लोंबायचं सोडून हा दगड आडवा कसा काय वाढतो?

प्रश्न : माझी मैत्रीण स्लोवाकिया फिरून आली, तिने ओख्तिना इथल्या अॅरागोनाइट गुहेचे फोटो पाठवले. गुहा अगदी छोटी, पण भिंतींवर आणि छतावर पांढरीशुभ्र काटेरी झुडपं उगवल्यासारखी दिसतात. शाळेत तर आपण शिकलो की पाणी ठिबकून अधोमुखी लवणस्तंभ होतात, म्हणजे खालीच वाढायला पाहिजेत ना? मग हे आडवंतिडवं कसं? आणि चुकून एखादी काडी मोडली तर ती परत वाढते का?

उत्तर : तुम्ही नेमकं बघितलंत, कारण या गुहेची सगळी गंमत त्या "आडव्यातिडव्या"तच आहे. शाळेतला लवणस्तंभ थेंबामुळे होतो, थेंब खाली पडतो म्हणून तोही खाली वाढतो. ओख्तिनाला मुळात ठिबकणारं पाणीच फार कमी. तिथली चुनखडी सलग डोंगरभर नाहीये, फिलाइट नावाच्या, पाणी सहज न झिरपू देणाऱ्या खडकात ती भिंगासारखी तुकड्यातुकड्यांनी अडकलेली आहे, त्यामुळे पाणी येतं ते ओलाव्यासारखं, हळूहळू. केसाएवढ्या बारीक वाटेने, केशाकर्षणाने ते काडीच्या टोकाशी पोचतं पण त्याचा थेंब होत नाही, आणि थेंबच नाही म्हटल्यावर गुरुत्वाकर्षण ओढणार कशाला? मग स्फटिक वर, बाजूला, वळसे घेत, कसाही वाढतो.

दुसरी गोष्ट खनिजाची. कॅल्साइट आणि अॅरागोनाइट दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटच, फक्त आतली रचना वेगळी. नेहमीच्या गुहेत कॅल्साइट होतं, पण पाण्यात मॅग्नेशियम भरपूर असलं की कॅल्साइटची वाढ अडते आणि त्याच्या जागी सुईसारखं अॅरागोनाइट तयार होतं (शिंपल्याच्या आतला चमकदार थर असतो ना, तोही अॅरागोनाइटच!). ओख्तिनाच्या चुनखडीत लोह आणि मॅग्नेशियम असलेलं अँकेराइट आहे, ते कुजून पिवळा-तपकिरी गेरूसारखा मऊ थर झालाय. फोटो मोठा करून बघा, पांढऱ्या सुयांच्या मागे मातकट रंग दिसेल, तो हाच.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. तिथे अॅरागोनाइटच्या तीन पिढ्या सापडतात, पहिली साधारण १,२१,००० ते १,३८,००० वर्षांपूर्वीची, दुसरी सुमारे १४,००० वर्षांची, आणि तिसरी अजून वाढतेय पण मिलिमीटरमध्ये. म्हणजे मोडलेली काडी आपल्या हयातीत परत येणार नाही, आपल्या नातवंडा-पतवंडांच्याही नाही. नुसतं बोट लागलं तरी त्वचेचं तेल आणि मळ बसतो, आणि अशा नाजूक सुया पुसून स्वच्छ कशा करणार?

एक गोष्ट तर फार कमी लोकांना माहीत असते, या गुहेला नैसर्गिक तोंडच नव्हतं. १९५४ मध्ये खनिजाच्या शोधासाठी बोगदा खणताना ती अचानक सापडली, १९७२ मध्ये लोकांसाठी उघडली आणि १९९५ मध्ये स्लोवाकिया आणि शेजारच्या हंगेरीतल्या स्लोवाक आणि अॅगटेलेक कार्स्टच्या (कार्स्ट म्हणजे पाण्याने चुनखडी विरघळून झालेला प्रदेश) गुहांबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारशात आली. सगळी मिळून जेमतेम ३०० मीटर! हजारो वर्षं बंद राहिली म्हणूनच ती अशी राहिली असं मला ठामपणे वाटतं, आणि आता आपण आत जातो तेव्हा अंगाची ऊब, श्वासातला कार्बन डायऑक्साइड, कपड्यांचे धागे सगळं सोबत नेतो, दिव्यांच्या उजेडात शेवाळ धरतं ते वेगळंच. म्हणून तिथे गाईड जरा कडक वागले तर वाईट वाटून घेऊ नये.

मैत्रिणीला विचारा, "आकाशगंगा" दालनाच्या छताचा फोटो आहे का तिच्याकडे. काळपट दगडात अॅरागोनाइटचे पांढरे झुबके दिव्यात असे चमकतात की मान वर करून बघतच राहावं.