बंदरं मोजू नकोस

अनेक आशीर्वाद.

तुझा तक्ता मिळाला. चार टप्पे, प्रत्येकापुढे दिवस, भाडं, बंदरांची संख्या, आणि शेवटच्या रकान्यात एका बंदरामागे किती पैसे पडतात त्याचा हिशेब. हिशेब चोख आहे. तरीही वाचताना तो फाडून टाकावासा वाटला. दोन नोकऱ्यांच्या मध्ये जेमतेम महिनाभर मोकळा आहे, साठवलेल्या पैशांत जगफेरीच्या जहाजाचा एकच टप्पा परवडतो, तर चारातला कोणता घेऊ, असं विचारतोस. झोप लागत नाही असंही लिहितोस. झोप उडावी एवढा हा प्रश्न मोठा नाही. पण या प्रश्नाने माझीही झोप एकेकाळी उडवली होती, म्हणून लगेच लिहायला बसले.

जावं की नाही यावर एक अक्षर लिहिणार नाही. ते तुझं ठरलंय आणि बरोबर ठरलंय. टप्प्याचं मात्र ऐक. जिथे विमानाने जाता येतं, तिथे जाण्यासाठी जहाजाचं भाडं भरू नकोस. जहाजाकडे दुसऱ्या कुणाकडेही नसलेली एकच गोष्ट आहे, ती म्हणजे पाणी. टप्पा पाण्याकडे बघून निवड.

तुझ्या तक्त्यात सिडनी ते सिंगापूर हा फेरीतला तिसरा टप्पा पसंतीत पहिल्या नंबरावर आहे, कारण बंदरं सर्वांत जास्त. त्यात ‘बँकॉक’ लिहिलंय. मोठं जहाज बँकॉकला लागत नाही, लाम चाबांगला लागतं, आणि तिथून शहर बसने दोन तासांवर आहे. ‘हो ची मिन्ह सिटी’ लिहिलंय, तिथेही मोठी जहाजं फू मीला थांबतात आणि पुन्हा बस. सकाळी आठला जहाज लागलं आणि संध्याकाळी पाचच्या आत परत चढायचं असलं, तर हातात नऊ तास. त्यातले चार बसमध्ये, एक उतरायच्या रांगेत, एक परत येताना वाहतूक अडेल या भीतीपोटी. उरले तीन. तीन तासांत बँकॉक! गाडी स्टेशनात थांबल्यावर फलाटावर उतरून बाटली भरून घ्यावी आणि गाव पाहिलं म्हणावं, तसलं हे बघणं. काही फेऱ्यांत जहाज रात्रभर बंदरात थांबतं, तिथे जरा श्वास घेता येतो, हे कबूल. पण बँकॉक कुठे पळून चाललंय? पाच वर्षांनी विमानाने जा, आठ दिवस राहा, पाय दुखेपर्यंत हिंड.

हा टप्पा मी केलेला आहे, नवऱ्याबरोबर. वाईट मुळीच नव्हता. त्याला जमिनीवर उतरायची हौस दांडगी, प्रत्येक बंदरात पहिल्या रांगेत हा. आम्ही सिडनीला चढलो तेव्हा अमेरिकेहून पॅसिफिक ओलांडून आलेली मंडळी जहाजावर होतीच. पहिल्या रात्री जेवणाच्या टेबलावर ती ज्या समुद्राबद्दल बोलत होती, तो आमच्या तिकिटात नव्हता. मी नुसती ऐकत राहिले. नवरा म्हणाला, पॅसिफिक पुढच्या वेळी. मग त्याच्या कानाचं दुखणं निघालं, तोल जायला लागला आणि डॉक्टरांनी जहाजाला कायमची मनाई केली. पुढची वेळ आली ती माझ्या एकटीची. दोष कुणालाच देता येत नाही. पण तू बंदरं मोजायला लागलास की मला ते टेबल आठवतं आणि माझा आवाज चढतो. चढू दे.

म्हणून घे तो फेरीतला दुसरा टप्पा, लॉस एंजेलिस ते सिडनी, जो तू तळाला टाकलास आणि ज्याच्यापुढे ‘समुद्रातले दिवस फार’ असा शेरा मारलास. फार असणारच. पॅसिफिक हा पृथ्वीच्या पृष्ठभागाचा जवळजवळ तिसरा हिस्सा आहे, सगळ्या खंडांची जमीन एकत्र केली तरी त्याच्यापुढे कमी पडते. जहाज २० नॉटने, म्हणजे ताशी २० समुद्री मैलांनी गेलं, तर दिवसाला ४८० समुद्री मैल होतात, म्हणजे ८९० किलोमीटरच्या आसपास. लॉस एंजेलिस ते होनोलुलू हे अंतर सुमारे ४,१०० किलोमीटर. विमानाला सहा तास लागतात, जहाजाला पाच दिवस. पुढे होनोलुलू ते ताहिती, आणखी तितकेच दिवस. पृथ्वी किती मोठी आहे हे शाळेत आपण आकड्यांत शिकलो. ते अंगाला कळायचं असेल, तर ते सावकाश ओलांडावं लागतं, विमानाच्या खिडकीचा पडदा ओढून झोपून कळत नाही. पाचव्या दिवशी सकाळी डेकवर येऊन चारी बाजूंना तीच गोल रेघ बघशील तेव्हा माझ्याशी भांडायचं असेल तर भांड.

‘कंटाळा आला तर?’ असं दोनदा लिहिलंयस. आला तर येऊ दे. पहिले दोन दिवस येतोच. तिसऱ्या दिवसापासून माणूस घड्याळ बघायचं सोडतो, आणि नेमकं तेव्हाच घड्याळ मजा करायला लागतं. पश्चिमेकडे जाताना दर काही रात्रींनी घड्याळ तासभर मागे घेतात, म्हणजे तो दिवस पंचवीस तासांचा. पूर्वेकडे जाणाऱ्यांच्या वाट्याला तेवीस तासांचे दिवस येतात आणि ती माणसं न्याहारीला डोळे चोळत बसलेली असतात. हे साठवलेले तास फुकट मिळत नाहीत. आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली, की पूर्ण एक दिवस वसूल होतो. रात्री मंगळवारी झोपायचं, सकाळी गुरुवार. मॅगेलनच्या मोहिमेतली माणसं १५१९ मध्ये पाच जहाजं घेऊन पश्चिमेकडे निघाली. १५२२ मध्ये पृथ्वीला वळसा घालून, त्याच मोहिमेतल्या एल्कानोच्या हाताखाली व्हिक्टोरिया हे एकच जहाज, अठरा माणसांसह, स्पेनला परतलं. वाटेत केप व्हर्देच्या बेटांवर त्यांनी वार विचारला, तर त्यांच्या नोंदवहीत बुधवार आणि किनाऱ्यावर गुरुवार. एकही दिवस लिहायचा चुकवला नव्हता, तरी एक दिवस कमी! तुला हे भूगोलाच्या पुस्तकात भेटलंय. या टप्प्यात ते तुझ्यावर घडेल. पॅसिफिकमधल्या सामोआ देशाचं तर विचारूच नकोस. त्यांनी २०११ च्या शेवटी रेषेची बाजू बदलली आणि ३० डिसेंबर ही तारीखच वगळली. शेजारचा अमेरिकन सामोआ रेषेच्या जुन्याच बाजूला राहिला. जहाज अमेरिकन सामोआतल्या पागो पागोहून सामोआतल्या आपियाला गेलं तर एका रात्रीच्या अंतरात घड्याळ तेच राहतं आणि तारीख बदलते.

आता बंदरांच्या भरवशाबद्दल, कारण तुझा सगळा तक्ता त्यावर उभा आहे. जहाज कंपनीच्या अटी बारीक अक्षरांत असतात, तरी एवढं वाच, की बंदर बदलण्याचा किंवा गाळण्याचा हक्क त्यांनी राखून ठेवलेला असतो. २०२३ च्या अखेरीपासून लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि कित्येक जगफेऱ्यांनी सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घातला. लाल समुद्रावरच्या अकाबाला उतरून जॉर्डनचं प्राचीन पेट्रा शहर बघायचं म्हणून ज्यांनी टप्पा घेतला होता, ते दक्षिण अटलांटिकमध्ये पोहोचले. बुडाला शेवाळं-शिंपले चिकटलेत म्हणून न्यूझीलंडने जहाजाला बंदर नाकारल्याचंही घडलंय. ज्या बंदरात धक्का नाही तिथे जहाज बाहेर नांगर टाकतं आणि लहान बोटींनी उतरवतात. लाट जरा उसळली, की तेही रद्द. ईस्टर बेटाचं हे नेहमीचं. हजारो किलोमीटर त्या बेटाकडे प्रवास करायचा आणि ते डेकवरून बघून पुढे जायचं. बंदरासाठी पैसे भरणारा माणूस त्या दिवशी स्वागतकक्षात जाऊन भांडतो. पाण्यासाठी भरणाऱ्याचं काहीच बुडालेलं नसतं.

होनोलुलूलाच उतरलो तर पैसे वाचतील, ही तुझी युक्ती चालणार नाही. १८८६ चा एक अमेरिकी कायदा आहे. परदेशी झेंड्याच्या जहाजाला एका अमेरिकी बंदरात चढवलेला प्रवासी, मध्ये दूरचं परदेशी बंदर घेतल्याशिवाय, दुसऱ्या अमेरिकी बंदरात कायमचा उतरवता येत नाही, आणि क्रूझची बहुतेक जहाजं परदेशी झेंड्याचीच असतात. फेरीच्या पहिल्या टप्प्यात कोलंबियाचं कार्ताहेना कशाला घुसवलंय, असं विचारलं होतंस ना? त्याचंही उत्तर हेच. फोर्ट लॉडरडेल ते लॉस एंजेलिस, दोन्ही टोकं अमेरिकेची, तेव्हा मध्ये असं एखादं दूरचं परदेशी बंदर घ्यावंच लागतं.

आणि तो पहिला टप्पा अगदीच टाकाऊ नाही. तुझा महिना कापला गेला, सोळा-सतरा दिवसच हाती राहिले, तर तोच घे, पण पनामा कालव्यासाठी. कालवा हेही पाणीच आहे. जवळजवळ ८० किलोमीटर लांब, १९१४ पासून चालू. लॉकमध्ये, म्हणजे दारं असलेल्या प्रचंड हौदांत, पाणी भरून भरून तुझं अख्खं जहाज २६ मीटर वर चढवतात, गातून नावाच्या तलावातून, जंगलाच्या मधून नेतात आणि पलीकडे तसंच पायरी पायरीने उतरवतात. होकायंत्र बघत बस. अटलांटिकहून पॅसिफिकला जाताना जहाज चक्क आग्नेयेकडे चाललेलं असतं. पहाटेच पुढच्या डेकवर जागा धर आणि दिवसभर तिथून हलू नकोस. न्याहारी कुणाकडून तरी मागवून घे.

सिंगापूर ते केप टाउन या टप्प्याबद्दल काय सांगू? हिंदी महासागर आहे, पाणी आहे, मला प्रिय आहे. पण पैसे तुझे पुरत नाहीत आणि महिन्यातही बसत नाही. तक्त्यात तो कशाला ठेवलास कोण जाणे.

लोक तुला काय काय सांगतील ते मला पाठ आहे. आमच्या घरी अजून सांगतात, की ही जगभर गेली आणि पाहिलं काहीच नाही. पॅसिफिकच्या टप्प्यात फिजीला सगळं जहाज रिकामं झालं तेव्हा मी वरच्या डेकवर खुर्ची टाकून बसले होते, हे कुणी तरी घरी सांगितलं, आणि तेव्हापासून मी वेडी ठरले. ठरवू देत. मी ज्यासाठी पैसे मोजले होते ते माझ्यासमोर होतं. दुसरा टोमणा, मी फेरी तुकड्यातुकड्यांनी केली आणि केप टाउनपासून वरचा तुकडा राहिलाच, म्हणजे पृथ्वीप्रदक्षिणा झालीच नाही. नाही झाली. पूर्ण फेरीला दिवसामागे भाडं कमी पडतं, कपडे धुऊन मिळतात, त्या मंडळींचा जहाजावर वेगळा रुबाब असतो, हे सगळं खरं. पण चार महिन्यांत निम्मे दिवस बंदरांत उतरण्या-चढण्यात घालवून जे मिळतं ते मला नको होतं. १९२२ मध्ये लॅकोनिया जहाज पहिल्या मोठ्या जगफेरीवर निघालं तेव्हापासून बंदरांच्या आकड्याची मिरवणूक चालू आहे. त्यांची २२ होती. तुझा तक्ता त्यांचाच नातू.

बरं. बोट लागेल का, हे विचारायला तू लाजलास, पण भीती तीच आहे, मला कळलं. लागेल, थोडीफार. जानेवारीत लॉस एंजेलिसहून निघाल्यावरचे पहिले दिवस डुलतात, आणि दक्षिण पॅसिफिकमध्ये नोव्हेंबर ते एप्रिल वादळांचा मोसम असतो. जहाज वादळाला बगल देऊन जातं, पण लाटा दूरपर्यंत पोहोचतात. केबिन जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावरची घे. वरच्या मजल्यावरचं बाल्कनीचं कौतुक तिथे सर्वांत जास्त हेलकावे खातं. तू एकटा, म्हणजे दोघांच्या खोलीचं जवळजवळ सगळं भाडं तुझ्याच डोक्यावर बसेल. ते वाचवायला बिनखिडकीची खोली घेतलीस तरी चालेल. पाणी बघायला डेक सगळ्यांना सारखाच आहे. जेवायला मात्र मोठं टेबल माग. आजोबा-आजींच्या वयाची माणसं भेटतील, ऐकायला बस.

टप्पा ठरला, की आधी कागदपत्रं. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडची परवानगी निघण्याआधी काढावी लागते, जहाजाने येतोय म्हणून सूट नाही. बुटांना माती असेल तर न्यूझीलंडला उतरण्याआधी धुऊन टाक, तिथे त्याची तपासणी होते. सिडनीत शिरताना खाडीच्या तोंडाशी दोन्ही बाजूंचे कडे येतात, तेव्हा केबिनमध्ये बॅगा भरत बसू नकोस, आदल्या रात्रीच भरून बाहेर ठेव. आणि परतीचं विमान त्याच दिवशीचं घेऊ नकोस. जहाजाला उशीर होतो, जहाज बंदरात आणणारा पायलट वेळेवर मिळत नाही, धक्का रिकामा नसतो. एक रात्र सिडनीत राहा. शुक्रवारपर्यंत पैसे भरून टाक, मध्यावरच्या खोल्या आधी संपतात.

बाकी भेटीअंती.

तुझी
मावशी