चित्रसंवर्धनासाठी देणगी मागण्यापूर्वी

संग्रहालयातील जुन्या तैलचित्रांसाठी निधी उभारण्याचे तुम्ही मनावर घेतलेत, याचा मला मनापासून आनंद झाला. मात्र देणगीदाराकडे जाण्यापूर्वी संवर्धकाकडून प्रत्येक चित्राचा स्थिती-अहवाल लिहून घ्या. रंगाचे पापुद्रे सुटत आहेत की केवळ वार्निश पिवळे पडले आहे, यावर खर्च आणि निकड दोन्ही ठरतात. पापुद्रे सुटणारे चित्र कितीही अप्रसिद्ध असले तरी यादीत त्याला अग्रक्रम द्यावा.

कंपनी कायदा, २०१३ च्या सातव्या अनुसूचीत कलाकृतींच्या जतनाचा स्पष्ट उल्लेख आहे, त्यामुळे कंपन्यांचा सामाजिक दायित्व (सीएसआर) निधी मागता येतो; त्यासाठी संस्थेची सीएसआर-१ नोंदणी, म्हणजे असा निधी घेणाऱ्या संस्थांनी सरकारकडे करायची नोंदणी, आधीच करून ठेवा. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मराठी मंडळींकडून देणगी घ्यायची असेल, तर परकीय योगदान कायद्याखालील परवानगी लागते.

मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाचे पुनरुज्जीवन महापालिका, इन्टॅक (वारसा जतन करणारी संस्था) आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांच्या २००३ मधील त्रिपक्षीय करारातून झाले. कोणाची जबाबदारी कोणती, हे तुमच्याही करारात लिहिलेले असावे. एका देणगीदाराने मला चित्र ‘अगदी नवे’ करून मागितले होते, आणि नकार देताना मन जड झाले. तरीही संवर्धनाचे निर्णय संवर्धकाचेच राहतील, हे कलम तुम्ही सोडू नका. मुंबईसारख्या दमट हवेत दालनाची आर्द्रता सांभाळण्याचा पुढील काही वर्षांचा खर्चही त्याच अंदाजपत्रकात मागा.