आधी बी-वन, मग विमान

प्रिय बाळ,

तुझी मेल वाचली. जर्मनची पहिली पायरी, ए-वन, चांगल्या मार्कांनी झाली, बाबा एफडी मोडायला तयार आहेत आणि तुला लगेच बर्लिनला तीन महिन्यांच्या इंटेन्सिव्ह कोर्सला जायचंय. "तिथे गेलं की जर्मन आपोआप येतं," असं तुला कुणीतरी सांगितलंय. आपोआप काही येत नाही गं. परदेशात राहून शिकण्याचा फायदा होतो, फार मोठा होतो, पण तू कुठल्या पायरीवर असताना गेलीस, यावर सगळं ठरतं. माझं मत विचारलंस म्हणून सरळ सांगते: बी-वन, म्हणजे तिसरी पायरी, पुण्यातच कर आणि मग जा.

जरा हिशोब करून बघू. बी-वनपर्यंत पोचायला शून्यापासून साधारण ३५० ते ६५० तासिका लागतात, असा जगभर जर्मन शिकवणाऱ्या ग्योथे-इन्स्टिट्यूटचाच अंदाज आहे. तासिका म्हणजे ४५ मिनिटांची. इंटेन्सिव्ह कोर्समध्ये आठवड्याला २० ते २५ तासिका होतात. म्हणजे तीन महिन्यांत फार तर ३००. तुझं ए-वन त्यात धरलं तरी परतीच्या वेळी तू जेमतेम बी-वनच्या उंबरठ्यावर असशील. समोरचा काय बोलतोय ते कळायला लागेल आणि तेव्हाच बॅग भरायची वेळ येईल. आर्टिकल, डाटिफ विभक्ती, पेर्फेक्ट काळ, हे सगळं व्याकरण पुण्यात तितकंच चांगलं शिकवतात. मॅक्सम्युलर भवन म्हणजे ग्योथे-इन्स्टिट्यूटच, भारतात नाव तेवढं वेगळं. परीक्षा तीच, प्रमाणपत्रही तेच. रानडे इन्स्टिट्यूटमध्येही उत्तम पाया तयार होतो. डाटिफ शिकण्यासाठी बर्लिनचं घरभाडं कशाला भरायचं?

दुसरी गोष्ट. ए-वनवर असताना तू बेकरीत रांगेत उभी राहशील, घोकून ठेवलेलं वाक्य म्हणशील, मग काउंटरवरची बाई पटकन काहीतरी विचारेल आणि तू क्षणभर अडखळशील. रांग मागे वाढतेय म्हटल्यावर ती इंग्रजीवर येईल. यात तिचा काही दोष नाही, ती तुझी सोयच बघत असते. पण बर्लिनमध्ये हे दिवसभर होतं. वर्गातल्या मधल्या सुट्टीतही ब्राझीलचा, तुर्कस्तानचा आणि तू, तिघंही इंग्रजीतच बोलाल. बी-वन झालेलं असलं की तीच बाई दुसरा प्रश्न जर्मनमध्येच विचारते, कारण पहिल्याचं उत्तर तिला मिळालेलं असतं. वर्ग कुठेही मिळतो. तिकडे जायचं ते वर्गाबाहेरच्या जर्मनसाठी.

ते वर्गाबाहेरचं जर्मन कसं असतं, सांगते. मी श्टुटगार्टला राहत होते तेव्हा एके दिवशी दाराच्या मुठीला एक पाटी अडकवलेली दिसली: केरवोखं. त्या भागात जिना झाडायची पाळी आठवड्याआठवड्याने घरोघरी फिरते आणि पाळीबरोबर पाटीही फिरते. मी झाडू घेऊन दहा मिनिटांत मोकळी झाले, तोच वरच्या मजल्यावरच्या आजी खाली आल्या. पायरीचा कोपरा बोटाने दाखवला, मग तळघराकडे जाणाऱ्या पायऱ्या दाखवल्या, मग कचऱ्याच्या डब्यांसमोरची फरशी. त्यांची भाषा अस्सल श्वाबेनची, म्हणजे त्या भागातली बोली, मला निम्मी कळेना. मी "बिटं नोखमाल" (पुन्हा एकदा सांगा ना) म्हटलं की त्या तेच वाक्य सावकाश, प्रमाण जर्मनमध्ये पुन्हा म्हणत. मग विषय निघाला की तुमच्याकडे जिना कोण झाडतं, आई काय करते, तू एवढ्या लांब कशी आलीस. त्या अर्ध्या तासात मी जेवढे 'वाइल' (कारण) आणि 'वेन' (जर, जेव्हा) वापरले, तेवढे वर्गात आठवडाभरात वापरले नव्हते. हेच ए-वनवर घडलं असतं तर मी हसून मान हलवली असती आणि जिना पुसून वर गेले असते.

ती 'वाइल'ची वाक्यं तुझ्या वर्गातल्या इतरांना जड जातील, तुला जाऊ नयेत. 'वाइल इश म्यूडं बिन' – 'कारण मी दमले आहे'. शब्दांचा क्रम हुबेहूब आपलाच, क्रियापद शेवटी. लिंगंही आपल्यासारखी तीन. नपुंसकलिंग म्हणजे काय, हे इंग्रजी किंवा स्पॅनिश बोलणाऱ्याला समजावून सांगावं लागतं. आपण 'ते झाड, तो दगड, ती नदी' म्हणतच मोठे झालो. 'झी' आणि 'डू'मधला फरकही 'तुम्ही-तू'मुळे अंगात भिनलेला असतो. म्हणून वाक्य आधी इंग्रजीत जुळवून मग जर्मनमध्ये नेऊ नकोस. मराठीतून थेट जा, वाट जवळची आहे.

शहराचं म्हणशील तर पहिल्या खेपेला बर्लिन नको. फ्रायबुर्ग, मारबुर्ग, येना, लाइपझिश यांतलं एखादं बघ. विद्यापीठाची गावं आहेत, परदेशी विद्यार्थ्यांची सवय आहे. लाइपझिशला तर १९५६ पासून परदेशी विद्यार्थ्यांना जर्मन शिकवायची परंपरा आहे, हेर्डर-इन्स्टिट्यूटची. व्हिएन्नाही चालेल. तिथले काही शब्द वेगळे आहेत, जानेवारीला 'येनर' म्हणतात, त्याने काही बिघडत नाही. स्वित्झर्लंड मात्र आत्ता नको. वर्गात प्रमाण जर्मन आणि ट्राममध्ये स्विस जर्मन, अशाने शिकणाऱ्याचा धीर खचतो.

पैशाचं आणि व्हिसाचं थोडक्यात. ९० दिवसांपर्यंतच्या कोर्सला शेंगेन व्हिसा चालतो. त्याहून जास्त राहायचं तर राष्ट्रीय व्हिसा लागतो, आणि त्यासाठी कोर्स आठवड्याला किमान १८ तासिकांचा हवा. खर्चाची सोय दाखवायला बहुतेक जण श्पेरकोंटो, म्हणजे ब्लॉक्ड अकाउंट उघडतात: पैसे आधी भरायचे आणि दरमहा ठरावीकच काढायचे. विद्यापीठात शिकायला जाणाऱ्यांसाठी ही रक्कम सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो आहे. नुसत्या भाषेच्या कोर्ससाठी दरमहा त्याहून थोडी जास्त धरतात. आकडे बदलत असतात, म्हणून कॉन्सुलेटच्या वेबसाइटवर स्वतः बघ. एजंटच्या तोंडचा आकडा धरू नकोस. आणि "चार महिन्यांत बी-टू, गॅरंटीड" असं जो म्हणेल, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नकोस.

एफडी मोडायची नसेल तर ओ-पेअरचा विचार कर. २७ पूर्ण व्हायच्या आत अर्ज करावा लागतो, ए-वन पुरतं. जर्मन कुटुंबात खोली आणि जेवण मिळतं, वर महिन्याला किमान २८० युरो हातखर्चाला, आणि आठवड्याला जास्तीत जास्त ३० तास मुलं सांभाळायची. लहान मुलं कधी इंग्रजीवर येत नाहीत, हा त्यातला सर्वांत मोठा लाभ! पण मुलांची मनापासून आवड असेल तरच जा. ते कामच आहे. संध्याकाळी गावच्या फोल्क्सहोखशूलंमध्ये, म्हणजे मोठ्या माणसांसाठीच्या शिक्षणकेंद्रात, कमी फीत वर्ग करता येतो. तिथे भाषेशिवाय शिवणकाम, मातीकाम, गाणं, सगळं शिकवतात. बी-वन झाल्यावर गेलीस तर त्यातलं एखादं जरूर घे. चाकावर मडकं करताना शेजारच्या काकूंशी जे बोलणं होतं, ते कुठल्याच पुस्तकात नसतं.

राहायला शक्यतो जर्मन मुलामुलींबरोबर फ्लॅट शेअर कर. आपली मराठी मंडळी सगळीकडे भेटतात, अडीअडचणीला धावून येतात, गणपतीला जरूर जा. पण रोजचं स्वयंपाकघर त्यांच्याबरोबरचं नको.

तोवर इथलं काम. बी-वनच्या परीक्षेत वाचन, श्रवण, लेखन, संभाषण असे चार भाग आहेत आणि प्रत्येकात १०० पैकी ६० हवेत. भाग वेगवेगळे देता येतात, त्यामुळे एखादा राहिला तर रडत बसू नकोस, तेवढाच पुन्हा दे. आपल्या मुलांचा बहुधा श्रवणाचा भाग राहतो. रोज वीस मिनिटं जर्मन रेडिओ ऐक, न थांबवता, न लिहून घेता.

आणि आजच दोन-तीन संस्थांना मेल टाक, जर्मनमध्ये, चुका झाल्या तरी चालतील. वर्गात किती विद्यार्थी असतात (१५ च्या वर असतील तर सोड), एकाच देशाचे किती, पातळी ठरवायची चाचणी येण्याआधी होते की आल्यावर, परीक्षेची फी कोर्सच्या फीत धरलीय का, आणि वर्ग भरला नाही तर कोर्स रद्द करतात का, हे विचार. उत्तरं आली की मला फॉरवर्ड कर, आपण एकत्र वाचू.

तुझी,
ताई