डोळ्याचा पडदा, डोळ्यावरचा पडदा

चाळीसगावच्या एका ताईंनी विचारलंय, आईच्या चिठ्ठीवर 'पॅटर्न ईआरजी' लिहिलंय, डॉक्टर म्हणाले पडद्याची तपासणी आहे, आणि आई तेव्हापासून घाबरून 'मन्हा डोयावर पडदा उना का' असंच विचारत बसलीय, तर रेटिनाला पडदा म्हणणं बरोबर का, आणि या तपासणीला मराठीत काय म्हणायचं?

ताई, पडदा बरोबरच आहे, घोळ सगळा 'वर' आणि 'चा' चा आहे. डोळ्यावर पडदा आला म्हणजे आपल्याकडे बहुतेक मोतीबिंदू, आणि डोळ्याचा पडदा म्हणजे जन्मापासून आत मागच्या बाजूला असलेला थर. डोळ्यावर येतो त्याला जुना शब्द पडळ, तो संस्कृत पटल वरून आलाय, आणि शाळेच्या पुस्तकातलं दृष्टिपटल पण त्याच पटलचं, म्हणजे घराणं एकच पण एक शब्द आजाराला चिकटला आणि एक अवयवाला, मग आईंचा गोंधळ होणारच ना.

मला 'पडदा' शब्दात एकच गोष्ट खटकते. सिनेमाचा पडदा नुसता उजेड झेलतो, हा पडदा उजेड पडला की वीज तयार करतो. स्वीडनच्या होल्मग्रेननी 1865 मधे बेडकाच्या डोळ्यावर हे मोजलं, आणि पुढे ग्रानिट यांना 1967 चं नोबेल मिळालं ते याच वाटेवरच्या कामासाठी. ईआरजी म्हणजे या विजेचा आलेख, ईसीजी हृदयाचा तसा हा पडद्याचा.

आता पॅटर्न. कृपा करून आकृतिबंध लिहू नका, आपल्याकडे चौकडी आहे की! माझ्या आत्याची धुळ्यात ही तपासणी झाली तेव्हा मी सोबत होतो, खालच्या पापणीत केसासारखा बारीक धागा ठेवला, समोर स्क्रीनवर काळ्यापांढऱ्या चौकड्या, मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं, आणि सेकंदाला चारेक वेळा काळ्याचं पांढरं पांढऱ्याचं काळं, आत्या म्हणे चौकडीचं लुगडं कोणी झटकतंय असं वाटतं. एकूण उजेड तेवढाच राहतो, फक्त चौकड्या उलटतात, म्हणून नुसत्या फ्लॅशला जे कळत नाही ते इथे कळतं, मेंदूकडे निरोप नेणाऱ्या गँग्लियन पेशी कशा आहेत ते, काचबिंदूत त्याच मरतात. येणारी वीज व्होल्टच्या काही दशलक्षांश भागाएवढीच, म्हणून शंभरावर वेळा मोजून सरासरी काढतात, तोवर पापणी कमी हलवायची.

लिहिताना 'चौकडी दृष्टिपटल आलेख' चालेल, बोलताना 'मागच्या पडद्याची चौकडीची तपासणी'. आणि आईंना अहिराणीतच सांगा, डोयावर पडदा उना म्हणीसन नही, मांगना पडदा कसा काम करस ते देखतस. जाताना त्यांचा चष्मा विसरू नका, या तपासणीत बाहुली मोठी करायचे थेंब टाकत नाहीत आणि चौकड्या स्वच्छ दिसल्या पाहिजेत.