निळ्या ताटल्या, सोनेरी काठ आणि सासूबाईंची शंका

प्रश्न: ताई, इथल्या एका चॅरिटी शॉपमध्ये मला निळ्या-पांढऱ्या सहा ताटल्या आणि सोनेरी काठाची एक कपबशी मिळाली. ताटल्यांच्या तळाला 'कोपलंड स्पोड्स इटालियन, इंग्लंड' असं छापलंय. ही नक्षी १८१६ची असं वाचलं. मग ताटल्या दोनशे वर्षांच्या म्हणायच्या का? कपबशीवर 'रॉयल वूस्टर इंग्लंड' आहे. शिवाय सासूबाई नाशिकहून येतायत, पक्क्या शाकाहारी. बोन चायनात हाडं असतात म्हणे. त्यांना या ताटल्यांत वाढू का?
– एक वाचक, लेस्टर

उत्तर: दोनशे वर्षांच्या नाहीत. १८१६ साली स्टोक-ऑन-ट्रेंटच्या स्पोड कारखान्याने ही नक्षी काढली आणि ती आजही छापली जाते. शिक्क्यातलं 'कोपलंड' हे या कारखान्याच्या पुढच्या मालकांचं नाव. नक्षीच्या सालावरून ताटली विकणारे मला भेटतात. मी हसून पुढच्या टेबलाकडे वळते.

तुमच्या शिक्क्यात 'इंग्लंड' आहे. अमेरिकेत जाणाऱ्या मालावर देशाचं नाव हवं, असा तिथला कायदा १८९१पासून लागू झाला, तेव्हापासून हा शब्द सर्रास दिसतो. म्हणजे ताटल्या त्यानंतरच्या. आता छापील शिक्का सोडा आणि ताटली खिडकीशी तिरकी धरून तळावर बोट फिरवा. कच्च्या मातीत दाबलेलं एक अक्षर आणि त्याखाली दोन आकडे लागतात का बघा. अक्षर महिन्याचं, आकडे वर्षाचे. एनखाली २८ असेल तर नोव्हेंबर १९२८.

मग काठाची वेलबुट्टी नीट न्याहाळा. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली नक्षी पातळ कागदावर उतरवायची, कारखान्यातल्या बायका तो कागद कापून ताटलीवर चिकटवायच्या आणि घासून छाप उठवायच्या. पट्टीची दोन टोकं जिथे भेटतात तिथे एखादं पान अर्धवट तुटलेलं, एखादं फूल सरकलेलं सापडतं. मला तर तो सांधा सापडल्याशिवाय ताटली खाली ठेववत नाही. कुणा बाईचा हात घाईत होता, ते तिथे दिसतं.

कपबशीचं सोपं आहे. शिक्क्याभोवतीचे ठिपके मोजा. रॉयल वूस्टर या इंग्लिश चिनी मातीच्या कारखान्याने १८९२मध्ये एक ठिपका दिला आणि पुढे दरवर्षी एकेक वाढवत नेला. १९१५ला चोवीस झाले. तोवरच्या कपबशीसाठी ठिपक्यांच्या संख्येत १८९१ मिळवलं की साल हाती. भिंग घ्या, ठिपके भलतेच बारीक असतात.

आता सासूबाई. त्यांची शंका रास्त आहे. बोन चायनात साधारण निम्मा भाग गुरांच्या हाडांच्या राखेचा असतो, आणि ही कृती पक्की बसवली तीही याच स्पोड घराण्याने, अठराव्या शतकाच्या अखेरीस. पण तुमच्या इटालियन ताटल्या बहुधा बोन चायनाच्या नाहीत, अर्थनवेअरच्या आहेत: पांढरी भाजकी माती, वर झिलई. दिव्यासमोर धरून मागे बोटं हलवा. बोटांची सावली दिसली नाही, तर निर्धास्त वाढा. वूस्टरच्या कपातून मात्र सावली दिसेलच, तेव्हा सासूबाईंचा चहा स्टीलच्या पेल्यात. आधी सांगून टाका. मागाहून कळलं तर महाभारत.

एक सांभाळा. अर्थनवेअरच्या झिलईला केसासारख्या बारीक भेगा गेल्या असतील, तर त्यातून हळद आत शिरते आणि जन्मभर जात नाही. डाग काढायला ब्लीच तर अजिबात नको, झिलईच सुटते. भेगाळलेल्या ताटलीत आमटी-भाजी न वाढता लाडू-करंज्या ठेवा. सोनेरी काठ डिशवॉशरमध्ये घालू नका, आणि मायक्रोवेव्हमध्ये तर नाहीच, ठिणग्या उडतील.

किमतीचं तुम्ही विचारलं नाहीत, बरं केलंत. विसाव्या शतकातल्या इटालियन ताटल्या इथे ढिगाने मिळतात. वापरा.